सस्टेनमेंट ब्रिगेड (अमेरिकी राखीव सेना)

सस्टेनमेंट ब्रिगेड ही अमेरिकेच्या भूसेनेतील रसदपुरवठा व सेवा-साहाय्य करणारी ब्रिगेड स्तरावरील संघटना आहे. लढणाऱ्या तुकड्यांना अन्न, पाणी, इंधन, दारूगोळा आणि सुटे भाग पोहोचवणे, वाहतूक व दुरुस्तीची व्यवस्था लावणे आणि सैनिकांना आवश्यक त्या क्षेत्रीय सेवा पुरवणे ही तिची प्रमुख कामे होत. अशा ब्रिगेडी नियमित सेना, आर्मी नॅशनल गार्ड आणि राखीव सेना (आर्मी रिझर्व्ह) या भूसेनेच्या तिन्ही घटकांत आढळतात. प्रस्तुत लेखात मुख्यतः राखीव सेनेतील ब्रिगेडींची रचना, कार्ये आणि मोहिमा यांची माहिती दिली आहे.

या ब्रिगेडींतील बहुसंख्य सैनिक अर्धवेळ सेवा करतात. एरवी ते ट्रकचालक, यंत्रदुरुस्ती कारागीर, शिक्षक, पोलीस किंवा विद्यार्थी असतात. अमेरिकी भूसेनेच्या वरच्या स्तरावरील रसद तुकड्यांपैकी बहुतांश तुकड्या राखीव घटकांत असल्यामुळे कोणतीही मोठी आणि लांबलेली मोहीम या सैनिकांना पाचारण केल्याशिवाय चालवता येत नाही.

पार्श्वभूमी

अमेरिकी राखीव सेनेचा प्रारंभ २३ एप्रिल १९०८ रोजी झाला असे मानले जाते. त्या दिवशी वैद्यकीय राखीव दल स्थापन करण्याचा कायदा संमत झाला. १९२० च्या राष्ट्रीय संरक्षण कायद्याने ‘ऑर्गनाइज्ड रिझर्व्ह’ ही व्यापक व्यवस्था उभी राहिली आणि १९५२ मध्ये तिला ‘आर्मी रिझर्व्ह’ हे नाव मिळाले. नॅशनल गार्ड शांततेच्या काळात संबंधित राज्याच्या गव्हर्नरच्या अधिकाराखाली असते, तर राखीव सेना पूर्णपणे संघराज्य शासनाच्या अखत्यारीत येते. दोन्ही दले राखीव असली, तरी त्यांच्यात हा मूलभूत भेद आहे.

व्हिएतनाम युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राखीव दलांचे मोठ्या प्रमाणावर पाचारण टाळले आणि युद्धाचा भार प्रामुख्याने सक्तीच्या भरतीवर टाकला. १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली. त्याच सुमारास नियमित व राखीव दले मिळून एकच संपूर्ण सैन्य मानावे, असे धोरण स्वीकारण्यात आले. पुढील काळात रसद, वाहतूक, वैद्यकीय सेवा व अभियांत्रिकी यांचा मोठा वाटा राखीव घटकांकडे सोपवण्यात आला. युद्धाच्या वेळीच ज्यांची मोठी गरज भासते, अशा तुकड्या वर्षभर पूर्ण वेतनावर बाळगण्यापेक्षा राखीव ठेवणे कमी खर्चाचे होते. याचा एक परिणाम असा झाला, की मोठ्या युद्धात उतरण्यापूर्वी शासनाला देशभरातील गावोगावच्या नागरिकांना घराबाहेर काढावे लागणार होते.

१९९३ मधील पुनर्रचनेत राखीव घटकांतील कामाची विभागणी अधिक स्पष्ट झाली. लढाऊ तुकड्या मुख्यतः नॅशनल गार्डकडे, तर साहाय्यक व सेवा तुकड्या मुख्यतः राखीव सेनेकडे राहिल्या. हवाई येथे मुख्यालय असलेली ४४२ व्या पायदळ रेजिमेंटची १०० वी बटालियन हा राखीव सेनेतील पायदळाचा एकमेव अपवाद आहे.

ब्रिगेडींची निर्मिती

१९६० च्या दशकापासून प्रत्येक डिव्हिजनजवळ रसदपुरवठ्यासाठी स्वतःचे ‘डिव्हिजन सपोर्ट कमांड’ असे. त्यावरील कोअर स्तरासाठी स्वतंत्र साहाय्यक गट होते. २००४ नंतर भूसेनेने डिव्हिजनऐवजी ब्रिगेड हे मूळ एकक मानणारी नवी रचना स्वीकारली. प्रत्येक लढाऊ ब्रिगेडला स्वतःची साहाय्यक बटालियन मिळाली. डिव्हिजन व कोअर स्तरांवरील जुनी मुख्यालये मोडून त्यांच्या जागी सस्टेनमेंट ब्रिगेडी उभ्या करण्यात आल्या. ही ब्रिगेड एखाद्या विशिष्ट डिव्हिजनला कायमची बांधलेली नव्हती. नेमून दिलेल्या प्रदेशात जे सैन्य असेल त्याला पुरवठा करणे, हे तिचे काम ठरले. पुढे नियमित सेनेतील ब्रिगेडी पुन्हा डिव्हिजनांशी जोडण्यात आल्या. राखीव सेनेतील ब्रिगेडींचे स्वरूप मात्र मुख्यतः प्रदेशनिहाय साहाय्य करण्याचेच राहिले.

न्यू जर्सीतील फोर्ट डिक्स येथील ७७ वी, व्हर्जिनियातील फोर्ट बेल्व्हॉर येथील ५५ वी, आर्कान्सातील लिटल रॉक येथील ९० वी आणि टेक्ससमधील ग्रँड प्रेअरी येथील ३०० वी या राखीव सेनेच्या काही सस्टेनमेंट ब्रिगेडी होत. यांपैकी काहींनी जुन्या लढाऊ डिव्हिजनांचे क्रमांक व बोधचिन्हे जपली आहेत. ७७ व्या ब्रिगेडच्या बाहीवरील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा हे न्यूयॉर्कमधील सक्तीच्या भरतीतून उभ्या राहिलेल्या ७७ व्या डिव्हिजनचे चिन्ह होते. ऑक्टोबर १९१८ मध्ये फ्रान्समधील आर्गोनच्या जंगलात या डिव्हिजनचे सुमारे साडेपाचशे सैनिक जर्मन फौजांनी वेढले. त्यांच्याजवळील अन्न व दारूगोळा संपत आला. विमानांतून टाकलेली रसद त्यांच्या हाती न पडता बहुतेक जर्मनांच्या बाजूला पडली. वेढा उठल्यावर दोनशेहून कमी सैनिक स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आले. ‘हरवलेली बटालियन’ या नावाने ही घटना अमेरिकी सैनिकी इतिहासात प्रसिद्ध आहे.

रचना

सस्टेनमेंट ब्रिगेडचा प्रमुख कर्नल हुद्द्याचा अधिकारी असतो. ज्येष्ठतम बिगर-कमिशन्ड अधिकारी म्हणून कमांड सार्जंट मेजर त्याला साहाय्य करतो. मुख्यालयात कर्मचारी व्यवस्था, गुप्तवार्ता, कार्यवाही, अंतर्गत पुरवठा आणि दळणवळण असे नेहमीचे विभाग असतात. याशिवाय ‘सपोर्ट ऑपरेशन्स’ हा विभाग या ब्रिगेडचे खास वैशिष्ट्य मानला जातो. अंतर्गत पुरवठा विभाग ब्रिगेडच्या स्वतःच्या गरजा पाहतो, तर सपोर्ट ऑपरेशन्स विभाग ब्रिगेडवर अवलंबून असलेल्या इतर तुकड्यांच्या गरजांचा हिशेब ठेवतो. कोणाला काय, किती आणि केव्हा लागेल याचा अंदाज बांधणे, प्राधान्यक्रम ठरवणे आणि वाहने व मार्ग नेमून देणे ही कामे तेथून चालतात.

ब्रिगेडच्या हाताखाली काही ‘कॉम्बॅट सस्टेनमेंट सपोर्ट बटालियन’ असतात. प्रत्येक बटालियनचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल करतो. तिच्यात प्रत्यक्ष काम करणाऱ्या कंपन्या गरजेनुसार जोडल्या जातात. त्यांचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत :

- वाहतूक कंपन्या : अवजड व मध्यम मालवाहू वाहने, इंधनाचे टँकर आणि चढ-उतार यंत्रणा असलेले ट्रक चालवतात.
- क्वार्टरमास्टर कंपन्या : अन्नधान्य, इंधनसाठा, जलशुद्धीकरण, स्नानगृहे आणि कपडे धुण्याची व्यवस्था सांभाळतात. मृत सैनिकांची ओळख पटवून त्यांची पार्थिवे सन्मानाने परत पाठवणाऱ्या तुकड्याही याच शाखेत येतात.
- ऑर्डनन्स कंपन्या : दारूगोळ्याचा साठा व वितरण, तसेच वाहने व शस्त्रे यांची दुरुस्ती करतात.
- मालहाताळणी कंपन्या : बंदरे, रेल्वे स्थानके आणि धावपट्ट्या येथे माल उतरवतात व पुढे रवाना करतात.

अनेक ब्रिगेडींच्या वर ‘एक्सपिडिशनरी सस्टेनमेंट कमांड’ आणि त्याच्याही वर संपूर्ण युद्धक्षेत्राचा पुरवठा पाहणारे ‘थिएटर सस्टेनमेंट कमांड’ असते. न्यू ऑर्लिन्सजवळील बेल चेस येथील ३७७ वे आणि कॅलिफोर्नियातील लॉस अलामिटोस येथील ७९ वे थिएटर सस्टेनमेंट कमांड राखीव सेनेत आहेत.

ही रचना सुट्या भागांप्रमाणे जोडता व वेगळी करता येते. त्यामुळे शांततेच्या काळात एका ब्रिगेडखाली असलेल्या बटालियन प्रत्यक्ष मोहिमेत तिच्याबरोबर जातीलच असे नाही. मुख्यालय एका राज्यातून, बटालियन दुसऱ्या राज्यातून आणि कंपन्या आणखी तिसऱ्या ठिकाणाहून येऊन युद्धक्षेत्रात एकत्र होऊ शकतात. यामुळे लवचीकता मिळते, परंतु परस्परांची ओळख आणि एकत्र सराव यांची उणीव राहते.

कार्ये

ब्रिगेडची कार्ये सामान्यतः चार टप्प्यांत सांगितली जातात. पहिल्या टप्प्यात युद्धक्षेत्र खुले करणे, म्हणजे बंदरे व विमानतळ यांवर उतरणारे सैन्य व सामग्री स्वीकारून पुढे पाठवणे. दुसऱ्यात मुख्य तळांपासून पुढच्या तळांपर्यंत वितरण. तिसऱ्यात नेमलेल्या प्रदेशातील सर्व तुकड्यांना नियमित साहाय्य. चौथ्यात मोहीम आटोपल्यावर सामग्रीची मोजदाद, परतपाठवणी आणि तळ बंद करणे. इराकमधून २०११ च्या अखेरीस अमेरिकी सैन्य बाहेर पडले, तेव्हा हे शेवटचे काम मोठ्या प्रमाणावर करावे लागले.

पुरवठ्याचे दहा वर्ग ठरवलेले आहेत :

- वर्ग १ : अन्न व पाणी
- वर्ग २ : कपडे, अवजारे व वैयक्तिक साहित्य
- वर्ग ३ : इंधन, तेल व वंगण
- वर्ग ४ : बांधकाम व अडथळे उभारण्याचे साहित्य
- वर्ग ५ : दारूगोळा
- वर्ग ६ : सैनिकांच्या खाजगी वापराच्या वस्तू
- वर्ग ७ : रणगाडे, वाहने इत्यादी मुख्य सामग्री
- वर्ग ८ : वैद्यकीय साहित्य
- वर्ग ९ : सुटे भाग
- वर्ग १० : नागरी साहाय्यासाठीचे साहित्य

कामाचा आवाका इंधनाच्या उदाहरणावरून लक्षात येतो. एम-१ एब्रॅम्स रणगाड्याच्या टाक्यांत सुमारे १,९०० लिटर इंधन मावते. भूसेनेच्या ५,००० गॅलन क्षमतेच्या टँकरमध्ये सुमारे १९,००० लिटर इंधन असते. म्हणजे एक टँकर केवळ दहा रणगाड्यांच्या टाक्या एकदा भरू शकतो. रणगाडे जसजसे पुढे सरकतात, तसतसा टँकरांचा फेरा लांबतो आणि स्वतः टँकरांनाही अधिक इंधन लागते. त्यामुळे आक्रमणाचा वेग व पल्ला किती राहील, हे पुष्कळदा पुरवठ्यावर ठरते. पाण्याबाबतही हेच लागू पडते. व्युत्क्रमी परासरण तत्त्वावर चालणारी मोठी जलशुद्धीकरण यंत्रे गोड्या पाण्याच्या स्रोतापासून तासाला सुमारे ११ हजार लिटर पिण्यायोग्य पाणी तयार करतात.

सैनिकांची सेवा व प्रशिक्षण

राखीव सैनिक साधारणपणे महिन्यातून एक शनिवार-रविवार आणि वर्षातून एकदा किमान दोन आठवडे सेवा करतो. म्हणजे वर्षाकाठी सुमारे ३८ दिवस. याच दिवसांत शारीरिक चाचणी, नेमबाजी, वैद्यकीय तपासणी, कागदपत्रे आणि मूळ कामाचा सराव हे सर्व बसवावे लागते. उर्वरित दिवसांत तुकडीचे दैनंदिन व्यवहार थोड्या पूर्णवेळ अधिकाऱ्यांवर व तंत्रज्ञांवर चालतात.

रसद तुकड्यांच्या सरावाला एक अनुकूलता आहे. पायदळाला शत्रू कल्पनेतला मानून सराव करावा लागतो. ट्रकचालकाचा माल मात्र शांततेतही खरा असू शकतो. त्यामुळे राखीव सेनेच्या वाहतूक कंपन्यांना देशांतर्गत सैनिकी सामग्री एका तळावरून दुसऱ्या तळावर नेण्याचे काम सराव म्हणून दिले जाते. ‘क्वार्टरमास्टर लिक्विड लॉजिस्टिक्स एक्सरसाइझ’ या सरावात इंधन व पाणी पुरवणाऱ्या तुकड्या प्रत्यक्ष इंधनाची वाहतूक करतात. विस्कॉन्सिनमधील फोर्ट मॅकॉय, कॅलिफोर्नियातील फोर्ट हंटर लिगेट आणि फोर्ट डिक्स ही मोठ्या सरावांची प्रमुख केंद्रे आहेत.

अनेक सैनिकांचा नागरी व्यवसाय त्यांच्या सैनिकी कामाशी जुळतो. मालवाहतूक कंपनीतील चालक, गोदाम व्यवस्थापक किंवा जलशुद्धीकरण केंद्रातील तंत्रज्ञ यांचा रोजचा अनुभव तुकडीच्या उपयोगी पडतो. संकटकाळात मात्र हीच गोष्ट अडचणीची ठरू शकते, कारण त्याच माणसाची गरज त्याच्या गावालाही असते.

पाचारणाची कायदेशीर चौकट

राखीव सैनिकांना पूर्णवेळ सेवेत बोलावण्याचे अधिकार कायद्याने निरनिराळ्या पातळ्यांवर दिले आहेत. काँग्रेसने युद्ध किंवा राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केल्यास संपूर्ण पाचारण करता येते. राष्ट्राध्यक्षांनी राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केल्यास सर्व सेनादलांतील मिळून दहा लाखांपर्यंत राखीव सैनिकांना सलग २४ महिन्यांपर्यंत बोलावता येते. आणीबाणी जाहीर न करता राष्ट्राध्यक्षांना दोन लाखांपर्यंत सैनिक ३६५ दिवसांपर्यंत बोलावता येतात. नैसर्गिक आपत्तीत गव्हर्नरच्या विनंतीवरून राखीव सैनिकांना १२० दिवसांपर्यंत सेवेत घेता येते.

१९९४ च्या कायद्याने पाचारण झालेल्या सैनिकाच्या नागरी नोकरीला संरक्षण दिले आहे. सेवेहून परतल्यावर, तो गेलाच नसता तर ज्या पदावर पोहोचला असता त्या पदावर त्याला घेणे हे मालकाचे कर्तव्य ठरते. एका मालकाकडील नोकरीसाठी हे संरक्षण सामान्यतः एकूण पाच वर्षांच्या सैनिकी सेवेपुरते असते. काही प्रकारची सेवा या मर्यादेत धरली जात नाही. स्वतःचा लहान व्यवसाय असलेल्या सैनिकाला मात्र या तरतुदीचा फारसा उपयोग होत नाही.

मोहिमा

आखाती युद्ध

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. त्याच महिन्याच्या २२ तारखेला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी राखीव सैनिकांच्या पाचारणास मंजुरी दिली. १९७३ नंतरच्या धोरणाची ही पहिली मोठी कसोटी होती. सौदी अरेबियातील पुरवठ्याची धुरा विल्यम पॅगोनिस यांच्या नेतृत्वाखालील २२ व्या सपोर्ट कमांडकडे होती. त्यात राखीव घटकांतील तुकड्यांचा मोठा भरणा होता.

२५ फेब्रुवारी १९९१ रोजी दहरानजवळील सैनिकी निवासावर इराकचे स्कड क्षेपणास्त्र कोसळले आणि २८ अमेरिकी सैनिक ठार झाले. त्यांपैकी १३ जण पेनसिल्व्हेनियातील ग्रीन्सबर्ग या गावच्या १४ व्या क्वार्टरमास्टर डिटॅचमेंटचे होते. जलशुद्धीकरणाचे काम करणारी ६९ सैनिकांची ही राखीव तुकडी सौदी अरेबियात पोहोचून अवघे सहा दिवस झाले होते. तिचे आणखी ४३ सैनिक जखमी झाले. पॅट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेच्या संगणकातील कालगणनेच्या त्रुटीमुळे हे क्षेपणास्त्र टिपता आले नाही, असे नंतरच्या चौकशीत आढळले. आघाडीपासून दूर असलेल्या पाण्याच्या तुकडीला झालेली ही हानी त्या युद्धातील सर्वांत मोठ्या अमेरिकी हानींपैकी एक होती. राखीव तुकड्या एकाच परिसरातून भरल्या जात असल्याने अशा आघाताचे दुःख एकाच भागावर कोसळते, हेही या घटनेने दाखवून दिले.

इराक व अफगाणिस्तान

२००३ नंतर इराकमध्ये कुवेतपासून उत्तरेकडे जाणारे रस्ते हीच प्रत्यक्ष आघाडी बनली. रसदेचे ताफे सुरुंगस्फोट व छुपे हल्ले यांचे नेहमीचे लक्ष्य होते. ९ एप्रिल २००४ रोजी अबू गरीबजवळ इलिनॉयमधील राखीव ७२४ व्या ट्रान्सपोर्टेशन कंपनीच्या इंधन ताफ्यावर मोठा हल्ला झाला. त्यात सैनिक व कंत्राटी नागरी चालक मृत्युमुखी पडले. अपहृत सैनिकांपैकी एकाचे अवशेष २००८ मध्ये मिळाले.

१३ ऑक्टोबर २००४ रोजी साउथ कॅरोलायनातील राखीव ३४३ व्या क्वार्टरमास्टर कंपनीच्या एका प्लाटूनमधील सैनिकांनी इंधन घेऊन ताजी येथे जाण्यास नकार दिला. वाहनांना पुरेसे चिलखत नाही, ती नादुरुस्त आहेत आणि इंधन भेसळयुक्त आहे, अशी त्यांची तक्रार होती. या प्रकरणी लष्करी न्यायालयात खटला न भरता शिस्तभंगाची सौम्य कारवाई करण्यात आली. पिछाडीच्या तुकड्यांना चिलखती वाहने अखेरीस मिळतात, हा प्रश्न या घटनेमुळे देशभर चर्चेत आला. त्यानंतरच्या काळात मालवाहू वाहनांना चिलखत बसवण्याच्या कामास गती आली.

देशांतर्गत आपत्ती

ट्रक, टँकर, पंप व जलशुद्धीकरण यंत्रे ही आपत्तीच्या काळातही तितकीच उपयोगी असतात. प्राण वाचवण्यासाठी तातडीची गरज असल्यास स्थानिक सेनाधिकारी वरिष्ठांच्या आदेशाची वाट न पाहता मर्यादित काळ मदत करू शकतो. २०१२ च्या सँडी चक्रीवादळानंतर न्यूयॉर्क परिसरातील पुराचे पाणी उपसण्यासाठी राखीव सेनेच्या क्वार्टरमास्टर तुकड्या बोलावण्यात आल्या. आपत्तीसाठी १२० दिवसांच्या पाचारणाचा नवा अधिकार तेव्हा प्रथमच वापरला गेला. २०१७ मध्ये मारिया चक्रीवादळाने पोर्तो रिकोची वाताहत केली, तेव्हा तेथील राखीव सैनिकांनी पाणी, अन्न व इंधन यांच्या वितरणात भाग घेतला. त्यांतील अनेकांची स्वतःची घरेही आपत्तीत सापडली होती.

मूल्यमापन

राखीव साहाय्यक तुकड्यांवरील अवलंबित्वाबाबत दोन मते मांडली जातात. समर्थकांच्या मते यामुळे कमी खर्चात मोठी क्षमता हाताशी राहते आणि युद्धाचा निर्णय समाजापासून तुटत नाही. टीकाकारांच्या मते युद्ध अचानक उद्भवल्यास सर्वांत आधी लागणारी बंदर, इंधन व वाहतूक पथकेच सर्वांत उशिरा तयार होतात. महिन्याला दोन दिवसांच्या सरावावर काही आठवड्यांत परदेशी रवाना होण्याची अपेक्षा वाजवी आहे का, असा प्रश्नही विचारला जातो. हे अंतर भरून काढण्यासाठी राखीव सेनेने काही निवडक तुकड्यांना अधिक सरावाचे दिवस व अधिक सामग्री देऊन अल्पावधीत सज्ज ठेवण्याचे धोरण अवलंबिले आहे.

ड्रोन व लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांमुळे पिछाडी सुरक्षित असते ही कल्पना आणखी क्षीण झाली आहे. २८ जानेवारी २०२४ रोजी जॉर्डनमधील ‘टॉवर २२’ या तळावर झालेल्या ड्रोन हल्ल्यात मरण पावलेले तिन्ही सैनिक जॉर्जिया राज्यातील राखीव अभियांत्रिकी कंपनीचे होते. रसदेचे तळ लहान, विखुरलेले व सतत हलते ठेवावेत, असा विचार अलीकडच्या सैनिकी सिद्धांतात मांडला जातो. मोठ्या स्थिर तळांवरून काम करण्याची सवय झालेल्या ब्रिगेडींना त्यासाठी कार्यपद्धती बदलावी लागत आहे.

इतर देशांतील व्यवस्था

युनायटेड किंग्डममध्ये रॉयल लॉजिस्टिक कोअरच्या अनेक रेजिमेंट आर्मी रिझर्व्हमध्ये आहेत. भारतात रसदपुरवठ्याची जबाबदारी मुख्यतः नियमित सेनेच्या आर्मी सर्व्हिस कोअर, आर्मी ऑर्डनन्स कोअर आणि ईएमई या शाखांवर आहे. प्रादेशिक सेना १९४८ च्या कायद्यान्वये स्थापन झाली आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिचे उद्घाटन केले. तिच्यात पायदळाच्या बटालियनांबरोबरच रेल्वे व तेल उद्योगातील कर्मचाऱ्यांच्या विभागीय तुकड्याही उभारण्यात आल्या. आणीबाणीत या अत्यावश्यक सेवा चालू ठेवणे, हा त्यांचा उद्देश आहे. महाराष्ट्रात पुणे व कोल्हापूर येथे मराठा लाइट इन्फन्ट्रीशी संलग्न प्रादेशिक सेनेच्या बटालियन आहेत; परंतु त्या पायदळाच्या असून रसद तुकड्या नाहीत. अमेरिकेप्रमाणे संपूर्ण रसद ब्रिगेड राखीव सैनिकांतून उभारण्याची पद्धत भारतात नाही.